मोतीरामचा खांदा

बन्सी हिवराळेच्या निरोप समारंभात कंपनीच्या साहेबांनी भाषण केलं. बन्सी म्हणजे शांत माणूस, हसतमुख माणूस, नोकरीच्या अख्ख्या काळात कुणाशी चढ्या आवाजात बोलला नाही, वगैरे वगैरे. शेवटी साहेबांनी "अजातशत्रू" हा शब्द टाकला आणि टाळ्या घेतल्या. मी पहिल्या रांगेत होतो. मला हसू आवरेना, आणि नारळ हातात घेऊन उभ्या असलेल्या बन्सीनं स्टेजवरून माझ्याकडे डोळे वटारले.

माणूस रिटायर झाला की त्याला इस्त्री करून घडी घालायची आपल्याकडे रीतच आहे. त्याचे रागलोभ धुऊन टाकायचे आणि वर शाल पांघरायची. मला ते मान्य नाही. बन्सीला एक शत्रू होता. तो त्यानं पंधरा वर्षं जपला, आणि मग एका हंगामात, भर मैदानात, असा काही निकालात काढला की अजून आठवलं तरी मला बरं वाटतं. बन्सीचं आयुष्य सांगायचं तर तो हंगाम सांगावा लागतो. बाकीचं सगळं त्याच्या अलीकडे-पलीकडे आहे.

मी त्रिंबक. आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं, कन्नडच्या घाटाकडचं. बन्सी सिल्लोड तालुक्यातल्या एका खेड्यातला, बौद्ध. दोघंही औरंगाबादला आलो ते कबड्डीच्या जोरावर. शहराचं नाव आता बदललंय, पण तेव्हा आमच्या तोंडात तेच होतं. चिकलठाण्यात आणि वाळूजला शेडवर शेड उठत होत्या, ज्वारीच्या रानांत धुराडी उभी राहत होती, आणि त्या कंपन्यांच्या साहेबांना दोन शौक होते, संप मोडायचा आणि कप जिंकायचा. कपासाठी ते खेळाडू पोसत. नावाला आम्ही मशीनवर होतो. सकाळची पाळी सुटली की कॅन्टीनमागच्या मातीत सराव, आणि दसऱ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गावोगावच्या स्पर्धा. जिंकलो तर पेढे. हरलो तर सुपरवायझर आठवडाभर असं मशीन द्यायचा की कानठळ्या बसाव्यात.

मी डावा कोपरा धरायचो. बन्सी चढाईला जायचा, म्हणजे दम धरून समोरच्या संघात शिरायचा आणि कुणाला तरी शिवून परत यायचा. अंगानं काडी, पण हात एवढे लांब की कंपनीच्या गणवेशाच्या बाह्या त्याला कधी पुरल्या नाहीत. आणि त्याची एक गोष्ट साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होती. कबड्डीत जुना रिवाज आहे. पंचाला दिसो न दिसो, समोरच्याचा हात आपल्याला लागला असेल तर आपण होऊन हात वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं. पंच गोंधळला तर तोही खेळाडूलाच विचारतो, लागला का, आणि खेळाडू सांगेल ते धरतो. आता कॅमेरे आलेत, तेव्हा जबान होती. बन्सीनं ह्या जबानीत कधी खोट केली नाही. जालन्याला एकदा उपांत्य सामन्यात त्याच्या नखाला कुणाचं तरी नख लागलं, कुत्र्याला कळलं नसतं, पण ह्या गृहस्थानं हात वर केला आणि आम्ही हरलो. आमचा कप्तान सोनाजी त्याच्याशी पंधरवडाभर बोलला नव्हता.

ज्या हंगामाचं मी सांगतोय तो त्र्याण्णवच्या दसऱ्याला सुरू झाला. त्याच वर्षी वाळूजच्या एका कंपनीनं नवा उजवा कोपरा आणला. त्याचं नाव मोतीराम. त्याआधी तो दूर कुठल्यातरी साखर कारखान्याकडून खेळायचा, त्यामुळे आमची गाठ कधी पडली नव्हती. गडी देखणा, मांड्या खांबासारख्या, आणि एकदा घोटा त्याच्या हातात सापडला की चढाई करणारा घरी गेलाच. तो बन्सीच्याच गावचा, पोलीस पाटलाच्या घरातला. नाव कळलं तेव्हा बन्सी कॅन्टीनमध्ये माझ्याशेजारी होता. त्यानं हातातला चहा तसाच ठेवला आणि सरावाला गेला. मला वाटलं, गाववाला भेटणार म्हणून खूश झाला असेल. मी पण काय हुशार.

पहिली गाठ पैठणला पडली. गोदावरीकाठची ती माती मऊ आणि काळी, पाय रुततो. बन्सी पहिल्या चढाईपासून मोतीरामच्याच कोपऱ्यात. मधले दोन गडी उघडे पडलेले, सोनाजी बाहेरून ओरडतोय, पण ह्याचं लक्षच नाही. शेवटी बन्सीच्या लांब हाताची बोटं मोतीरामच्या खांद्यावर पडली. मी माझ्या जागेवरून पाहिलं. बन्सी परत आला, त्यानं गुण मागितला. पंचाला नीट दिसलं नव्हतं, त्यानं मोतीरामला विचारलं.

मोतीराम म्हणाला, "नाय. शिवलाच नाय."

पंचानं ते धरलं. पुढच्या चढाईत बन्सी चिडून आत शिरला आणि पकडला गेला. आम्ही एका गुणानं हरलो. मला राग आला तो वेगळ्याच कारणानं. त्याच सामन्यात आमच्या दुसऱ्या एका गड्याचा हात मोतीरामच्या गुडघ्याला लागला होता, पंचाचं लक्षही नव्हतं, आणि मोतीराम मुकाट हात वर करून बाहेर गेला होता. म्हणजे रिवाज त्याला ठाऊक होता. फक्त बन्सीच्या हाताला तो लागू नव्हता.

परतीच्या एसटीत सोनाजीनं बन्सीचा उद्धार केला. संघ काय तुझ्या घरचा आहे का, एकाच माणसामागं लागायला तुझ्या घरचं मंगळसूत्र चोरलंय का त्यानं, असं बरंच. बन्सी खिडकीबाहेर बघत राहिला. सोनाजी थकून झोपल्यावर तो माझ्याकडे वळला, आणि बिडकीनपासून शहर येईपर्यंत त्यानं मला जे सांगितलं ते मी त्याच्याच शब्दांत सांगू शकत नाही. त्याच्या शब्दांत ते फार थोडं होतं.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव बौद्धांची घरं पेटली. ज्यांनी विद्यापीठाचं गेटसुद्धा पाहिलं नव्हतं त्यांनी, तेच गेट न पाहिलेल्या दुसऱ्यांची घरं जाळली. बन्सी तेव्हा दहावीला होता. त्याच्या वस्तीवर माणसं आली ती दिवस मावळायच्या आधी, उजेडात, तोंडं न झाकता. बन्सीची माय भामाबाई घरातलं दाण्याचं पोतं बाहेर ओढत होती. मोतीराम मागच्या बाजूनं छपराला पेटता बोळा लावत होता. बन्सीनं त्याला मागून धरलं, उजव्या खांद्याला, बोटं रुतेपर्यंत. मोतीरामनं हिसका देऊन सोडवून घेतलं. आणि मग, बन्सी म्हणाला, पळून जायचं सोडून तो थांबला. छप्पर धडधडत होतं, आणि तो गळ्यातल्या उपरण्यानं खांदा पुसत होता. जिथं बन्सीचा हात लागला होता ती जागा त्यानं नीट पुसली, आणि मग पळाला.

दुसऱ्या दिवशी चावडीवर जमादार आला. बन्सीनं सांगितलं, हा होता, मी ह्याला खांद्याला धरलं होतं. जमादारानं मोतीरामकडे पाहिलं. मोतीराम म्हणाला, ह्यानं मला शिवलंच नाय. शिवलं असतं तर घरी जाऊन आंघोळ नसती केली का मी, विचारा माझ्या मायला, काल मी आंघोळ केली का. सगळी चावडी हसली. जमादारही हसला. मोतीरामचं नाव कुठंच आलं नाही. भामाबाईचं पोतं निम्मं जळालं होतं, ती लेकाला घेऊन औरंगाबादला आली, मुकुंदवाडीत पत्र्याची खोली धरली आणि बांधकामावर पाट्या वाहायला लागली.

मी विचारलं, मग तुला आता काय पाहिजे. मारायचं का त्याला? वाळूजच्या रस्त्यावर दोघं-चौघं मिळून सहज जमलं असतं, आणि मी मनापासून विचारत होतो.

"नाय," बन्सी म्हणाला. "त्यानं हात वर करावा. चार माणसांत. ह्यो बन्सी मला शिवला, असं म्हणून आपल्या पायानं बाहेर जावं. मला येवढंच पाह्यजे."

मला हे मागणं तेव्हा फार लहान वाटलं. आता नाही वाटत. घर जाळणारा माणूस तुरुंगात गेला असता तर सुटून आला असता. पण चार माणसांत हात वर करणं म्हणजे चावडीवरचं ते हसू त्याच्याच घशात परत घालणं होतं.

दुसरी गाठ सिल्लोडला पडली, जानेवारी लागता लागता. कापसाच्या बाजाराचे दिवस, मैदानाला लागून गाड्या उभ्या, लोक गाठींवर बसून सामना बघतायत. ह्या वेळी बन्सी शहाण्यासारखा खेळला, मधल्या गड्यांना टिपलं, सोनाजीचा जीव भांड्यात पडला. एकदाच तो मोतीरामच्या कोपऱ्यात गेला, अलगद खांद्याला बोटं लावली आणि परत आला. आणि त्यानं गुण मागितलाच नाही. सरळ येऊन माझ्याशेजारी उभा राहिला.

मी दातओठ खात विचारलं, लागला होता ना, मग मागितला कामून नाही? तो म्हणाला, मागून देणार हाय का कोणी? आणि वर मलाच विचारलं, त्यानं खांदा पुसला का, पाह्यलं का तू?

मी पाहिलं होतं. मोतीरामनं बनियनचा काठ ओढून खांदा पुसला होता, जसं आपण जेवल्यावर तोंड पुसतो तसं, लक्ष भलतीकडेच. मी तसं सांगितल्यावर बन्सी हसला. साहेबांनी भाषणात ज्या हसतमुखाचं कौतुक केलं ना, ते हे हसू नव्हतं. तो सामना आम्ही जिंकलो, आणि दोन्ही संघ अंतिम फेरीत जाणार हे जवळजवळ ठरलं.

मग मध्ये संक्रांत आली. पंधरा-सोळा वर्षं चाललेलं भांडण सरकारनं त्या दिवशी मिटवलं, विद्यापीठाच्या जुन्या नावाला बाबासाहेबांचं नाव जोडलं. शहरात बंदोबस्त, स्पर्धा पुढं ढकललेल्या, कंपन्यांच्या गेटवर पोलीस. भामाबाई पांढरं लुगडं नेसून विद्यापीठाच्या गेटवर गेली, तिथल्या दगडाला हात लावून आली. बन्सीही गेला होता. दुसऱ्या दिवशी पाळीवर आला तेव्हा मी त्याला तिळगूळ दिला आणि अभिनंदन केलं. त्यानं तिळगूळ तोंडात टाकला आणि म्हणाला, "गेटाचं काम झालं. मपलं राह्यलंय."

अंतिम सामना फेब्रुवारीवर गेला. तोवर रोज सराव. आणि सरावात बन्सीचं काहीतरी बिघडलं. तो माझ्यावर चढाईला यायचा, हात टाकायचा, आणि तो हात माझ्या खांद्यापाशी येऊन थांबायचा. बोटभर अलीकडे. आम्ही सगळे चढाईला जाताना तळहाताला माती चोळतो, घामानं हात सटकू नये म्हणून. ह्याची तेवढी माती माझ्या खांद्यावर पडायची, हात काही पडायचा नाही. एकदा झालं, दोनदा झालं, मग रोजच. मी त्याला म्हातारा म्हणालो. म्हणालो, आता तुझा हात पोचत नाही, सोनाजीला सांगतो, तुला बाहेर बसवू. तो म्हणाला, हां, वय झालंय. आणि पुन्हा आला, पुन्हा तसंच. इतकं जवळ की मला वाटायचं लागलाच, आणि लागलेला नसायचा. खांद्यावरची माती झटकून मी कंटाळलो.

अंतिम सामना शहरातल्या मोठ्या मैदानावर, दुपारच्या उन्हात. दोन्ही कंपन्यांचे कामगार पाळ्या बदलून आलेले. एका बाजूला मुकुंदवाडी आणि भीमनगरातली पोरं, दुसऱ्या बाजूला वाळूजची मंडळी, आणि मध्ये बंदोबस्ताचे पोलीस शेंगा खात बसलेले. पंच म्हणून जालन्याचे एक निवृत्त गुरुजी होते, कडक आणि सरळ. साहेब लोकांसाठी मंडपात सोफे मांडले होते.

पहिल्या डावात बन्सी मोतीरामकडे गेला आणि त्याच्या उजव्या खांद्यावर चांगली पाची बोटं ठेवून परत आला. ते माझ्याप्रमाणे निम्म्या मैदानानं पाहिलं, पण गुरुजी नेमके पलीकडच्या रेषेवर होते. बन्सी मध्यरेषा ओलांडून उभा राहिला आणि मोतीरामकडे बोट केलं. गुरुजींनी रिवाजाप्रमाणे मोतीरामला विचारलं. मोतीराम म्हणाला, नाय. आणि म्हणता म्हणता त्याच्या डाव्या हातानं बनियनचा काठ धरून उजवा खांदा पुसायला सुरुवात केली होती.

"गुरुजी," बन्सी म्हणाला, "म्या शिवलो नाय म्हणतो हा. मंग पुसतो काय?"

आवाज मोठा नव्हता, पण पुढच्या रांगांना ऐकू गेला आणि तिथून मागं मागं पसरला. गुरुजींनी मोतीरामकडे पाहिलं. मोतीरामचा हात खांद्यावरच राहिला. तो खाली घ्यावा की तिथंच ठेवावा हे त्याला कळेना. मग मुकुंदवाडीच्या पोरांतून कुणीतरी म्हणालं, फडकं द्या रे त्याला, आणि मैदान हसलं. एसटीत बन्सीकडून ऐकलेलं हसू होतं ते. पंधरा वर्षांपूर्वी चावडीवर होतं तेच, फक्त ह्या वेळी तोंड दुसरीकडे केलेलं. गुरुजींनी बोट वर केलं आणि मोतीरामला बाहेर काढलं.

तो हात वर न करता गेला. पण गेला. माझ्या मते इथं हिशेब पुरा झाला होता, आणि एखाद्या भल्या माणसाची गोष्ट असती तर इथंच संपली असती. बन्सी भला माणूस आहे, पण त्या दिवशी तो भलेपणा घरी ठेवून आला होता.

दुसऱ्या डावात मोतीराम पेटला. त्यानं आमचे गडी एकामागून एक पकडले, मलाही. त्याला बाहेरून कुणी काही म्हणालं की तो आणखी जोरानं आवळायचा. पण गुरुजींची नजर आता बदलली होती. बन्सी त्या कोपऱ्यात गेला की गुरुजी बन्सीच्या हाताकडे बघतच नव्हते. ते मोतीरामच्या हाताकडे बघत होते. हे बन्सीला दिसलं होतं, कारण त्यासाठीच तर त्याचं सगळं चाललं होतं.

गुण बरोबरीत आले आणि शेवटची चढाई राहिली. बन्सी वाकला, माती उचलून तळहाताला चोळली, जरा जास्तच चोळली, आणि दम धरून आत गेला. मधल्या गड्यांनी त्याला वाट करून दिली, त्यांना वाटलं हा पुन्हा चुकीच्या कोपऱ्यात अडकणार. मोतीराम खाली वाकून घोट्यावर टपलेला. बन्सी पुढं झाला, लांब हात सोडला, आणि मला तो हात ओळखीचा वाटला. सरावात रोज माझ्या खांद्यापाशी येऊन थांबलेला हात. तो तसाच थांबला, बोटभर अलीकडे, माती सांडली, आणि बन्सी मागं फिरून मध्यरेषेवर परत आला.

मोतीरामचा डावा हात वर गेला. त्यानं उजवा खांदा पुसला.

शिट्टी वाजली. गुरुजींचं बोट सरळ मोतीरामवर. आमची बाजू मैदानात धावत आली आणि गुरुजींनी हात करून तिला थांबवलं, कारण मोतीराम त्यांच्यापुढं उभा होता, हात जोडून.

"नाय लागला, गुरुजी. मायची आण घेतो. ह्या टायमाला खरंच नाय लागला."

ते खरं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो ह्या बाबतीत खरं बोलत होता, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं, पण चेहरा बघायला कुणी मोकळं नव्हतं. फडकं, फडकं, अशी आरोळी सुरू झाली होती. त्याच्या स्वतःच्या कंपनीची माणसं तोंडावर रुमाल धरून हसत होती. "ह्या टायमाला" म्हणजे आधीच्या टायमाला लागला होता, हेही तो गडबडीत कबूल करून बसला होता आणि त्याचं त्याला भानही नव्हतं.

गुरुजी मात्र सरळ माणूस. ते बन्सीकडे वळले. म्हणाले, बन्सी, तुझ्या जबानीवर आख्खा जिल्हा चालतो, तूच सांग, लागला का तुझा हात?

मैदान शांत झालं. मला ठाऊक होतं की लागला नव्हता, आणि मला हेही ठाऊक होतं की हा मनुष्य नखाला नख लागलं तरी हात वर करणारा आहे. सोनाजीनं तर डोळेच मिटले. बन्सी मोतीरामकडे बघत होता. सावकाश, अगदी सावकाश बघत होता, पंधरा वर्षं उपाशी राहिलेला माणूस ताटाकडे बघेल तसा.

"मला कामून इचारता, गुरुजी," तो म्हणाला. "त्याच्या हाताला इचारा."

गुरुजींनी मोतीरामच्या हाताकडे पाहिलं, आणि गुण आमच्याकडे लिहायला सांगितला.

पुढचा गोंधळ कप जिंकल्यावर असतो तसाच. साहेबांनी सोफ्यावरून उठून सगळ्यांचे हात हातात घेतले, सोनाजी रडला, कुणीतरी मला खांद्यावर उचलायचा प्रयत्न करून पाडलं. बन्सी एका बाजूला पायाची माती झटकत बसला होता. मोतीराम गर्दीतून त्याच्यापाशी आला. मला वाटलं मारामारी होणार, म्हणून मी धावलो. पण तो मारायला आला नव्हता. त्याचा आवाज बसला होता.

"बन्सी," तो म्हणाला, "तुला ठावं हाय. तू मला शिवलाच नाय."

"व्हय," बन्सी म्हणाला. "जमादारालाबी तू हेच सांगितलं व्हतं."

बन्सीनं बूट उचलले आणि तो माझ्याबरोबर चालायला लागला. पुढच्या हंगामात मोतीराम मैदानावर आला नाही. आला असता तरी काय, वाळूजच्या गेटवर रिक्षावालेसुद्धा त्याला फडकं म्हणायला लागले होते. कंपनीत मला एक-दोघं म्हणाले की खेळात असलं वैर आणू नये, झालं गेलं विसरावं. त्यांचं घर कधी जळालेलं नव्हतं. मी त्यांना कॅन्टीनमध्ये चहा पाजला आणि विषय बदलला, कारण त्यांना मारून माझी नोकरी गेली असती.

त्या संध्याकाळी मी बन्सीबरोबर मुकुंदवाडीला गेलो. भामाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिला कबड्डीतलं काही कळत नसे, कप किती मोठा हेसुद्धा तिनं कधी विचारलं नाही. पण हा सामना कुणाशी होता ते तिला ठाऊक होतं. बन्सी तिच्यासमोर उंबऱ्यावर बसला. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"हात वर केला का त्यानं?"

"नाय, माय."

"मंग?"

"खरं बोलत व्हता तो आज. लई तळमळून सांगत व्हता. कुणीच ऐकलं नाय."

भामाबाईनं लेकाकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हातारी काही समजुतीचं बोलेल, म्हाताऱ्या माणसांनी बोलावं तसं. तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं, एक खडा शोधून काढला आणि दूर रस्त्यावर भिरकावला.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मला विचारलं की जेवून जातो का.